चकरीसाठी काठी आणि दोर

माझ्या भावाचा डावा हात भातगिरणीच्या पट्ट्यात गेला, तेव्हा मुंबई अजून द्विभाषिक राज्यात होती आणि पनवेलच्या गिरण्या जोरात चालत होत्या. सुगी संपली की खाडीकाठचे पुष्कळ पुरुष गिरणीत कामाला जात, त्यांतलाच तो एक. पट्टा घसरत होता, म्हणून हा हाताने सरकवायला गेला. कोपर वाचलं आणि कोपराखाली वीतभर हात राहिला. इस्पितळातून घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की दाराशी टांगलेला पाग मला खाली काढायला लावला आणि शेजारी देऊन टाकला.

पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. त्याचा निम्मा घेर उजव्या हातात धरायचा, उरलेला डाव्या कोपरावर घ्यायचा, काठाची शिशाची गोळी दातांत पकडायची आणि कमरेतून वळून तो हवेत असा सोडायचा की पाण्यावर ताटासारखा उघडून पडला पाहिजे. एका हाताने हे होत नाही. याबद्दल आळीत कुणाचं दुमत नव्हतं आणि त्याचंही नव्हतं.

आईवडील आधीच गेलेले. घरात आम्ही तिघं होतो, दादा, वहिनी आणि मी. मी धाकटी. माझी काडीमोड झालेली होती. आमच्यात लग्न मोडायचं ते कोर्टात नव्हे, पंचांसमोर. गवताची एक काडी नवराबायकोने मोडायची, झालं. मग दोघंही मोकळी. माझी काडी मोडल्यावर मी रडत बसले नाही, फायनलची परीक्षा दिली आणि प्राथमिक शाळेत लागले. माझ्या पगारात तिघांचं पोट भरलं असतं. पण बहिणीच्या पगारावर बसून खाणारा पुरुष आमच्या आळीत पुरुषांत मोजला जात नसे. हे दादाला कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण त्याच्याशी बोलताना लोक आता माझ्याकडे बघून बोलू लागले होते.

दिवाळीनंतर वहिनीचे वडील आले. ते ओवे गावाकडचे, जमीन बरी, माणूसही वाईट नव्हता. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ओटीवर बसून त्यांनी चहा घेतला, हाताची चौकशी केली आणि मग सरळ मुद्द्यावर आले.

“शिमग्यापर्यंत आमी बगू. पोरगी एकोणीस वर्षांची हाय, पदरात पोर नाय. तू तुज्या हातानं कमावून तिला घालतंस तर माजं काय म्हननं नाय. नायतर पंच बसवू.”

दादा म्हणाला, “एक हात हाय ना अजून.”

“म्हनूनच शिमग्यापर्यंत म्हनतंय.”

यात रागाचं काही नव्हतं. दोघंही बाजारात वाल विकत घ्यावेत तशा आवाजात बोलत होते. वहिनी दाराआड उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी भांडी घासताना मी विचारलं, तर ती म्हणाली, “मना काय इचारता? त्यांना इचारा.” राख घेऊन ती पुन्हा भांड्याला लागली.

मासेमारीची चकरी घरात आली ती या सुमारास. मुंबईचे एक पारशी गृहस्थ रविवारी खाडीवर गळाने मासे धरायला येत. दादा त्यांची होडी वल्हवी, आमिषाला कोळंबी आणि लहान बोय मासे धरून देई. हाताचं कळल्यावर ते घरी आले. गुडघे दुखतात, आता होडीत बसवत नाही, असं म्हणाले आणि फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू दादाच्या मांडीवर ठेवून गेले. पांढऱ्या धातूचं, मुठीएवढं यंत्र. दोन चकत्यांमध्ये फिरणारं रीळ, उजवीकडे ते फिरवायची मूठ. काठी त्यांच्या मुलाने मोडली होती आणि रिळावरची रेशमी दोरी कुजलेली होती. म्हणजे चकरी होती, पण बाकी सगळं आम्हालाच जमवायचं होतं.

जाण्यापूर्वी त्यांनी अंगणात उभं राहून समजावलं. आमच्याकडच्या गळाची दोरी काठीच्या टोकाला बांधलेली असते, काठीच्या पलीकडे ती जाऊन जाऊन किती जाणार. इथे दोर रिळावर. काठी झटकली की शिसं पुढे जातं, रीळ गरगर फिरतं आणि दोर लांबवर पडतो. मात्र फिरत्या रिळावर अंगठा हलका टेकलेला हवा. अंगठा सुटला तर रीळ दोराच्या पुढे पळतं आणि सगळा गुंता होतो. काठी आखूड आणि लवचीक घ्या, दोर बारीक घ्या आणि पुष्कळ घ्या, असं ते म्हणाले. मग एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

“सगळ्यात पयला दोर तुटला पायजे. काठी नाय, तू नाय. समजला?”

दादाने मान हलवली. ते गेल्यावर तो हसला. जाळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तुटणारा दोर मुद्दाम घ्या असं सांगणं म्हणजे गळकी होडी घ्या असं सांगण्यासारखंच होतं. आमच्याकडे सूत पिळायचं, ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळायचं, वाळवायचं, पुन्हा उकळायचं, ते सगळं तुटू नये म्हणून. मलाही तेव्हा ते बोलणं श्रीमंताच्या खेळातलं वाटलं. रविवारी येणाऱ्याचा मासा सुटला तर सुटला.

पण चकरीने दादाला उभं केलं हे खरं. एका हाताने फेकता येईल असं खाडीवर दुसरं काहीच नव्हतं.

आधी काठी. आळीतल्या प्रत्येकाला काठीबद्दल मत होतं. लांब घे, म्हणजे मासा लांबवरचा लागेल, असं बहुतेकांचं म्हणणं. म्हणून पहिली आणली ती कळकाची, जाड आणि पोकळ, दीड पुरुष उंच. चकरी तिला तात्पुरती बांधून दादाने एकदा झटकली आणि काठीच्या वजनानेच तो फिरून पडता पडता राहिला. शेजारचे काका म्हणाले, “ही काय काठी हाय? ही होडीची डोलकाठी कर.” ती मांडवाला गेली. मग वेत आणला. तो हलका होता, पण शेंड्याला शिसं बांधलं की ओल्या कपड्यासारखा लोंबे. त्याने गळ फेकला की तो पायांशीच पडायचा.

कर्नाळ्याच्या बाजूची एक कातकरीण शनिवारी लाकडाची मोळी घेऊन बाजारात यायची. मी तिला सांगून ठेवलं. तिने चिव्याच्या तीन काठ्या आणल्या. चिवा बांबूतलाच, पण आतून भरीव, बोटाएवढ्या जाडीचा आणि चिवट. तिच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर त्या धुरात वाळलेल्या होत्या. दादाने तिन्ही आळीपाळीने दाराच्या चौकटीत अडकवल्या, शेंड्याला कळशी टांगली आणि वहिनीला तिच्यात तांब्याने पाणी ओतायला सांगितलं. काठी वाकत वाकत जमिनीपर्यंत आली की कळशी काढायची आणि काठी सरळ होते का बघायचं. एक पेरावर कडकडली. दुसरी वाकली ती वाकलेलीच राहिली. तिसरी सुटल्याबरोबर सरळ झाली आणि वहिनीच्या हातातला तांब्या तिने उडवला. दादा किती तरी दिवसांनी मोकळा हसला. म्हणाला, “हीच. हिला राग हाय.”

मग ती काठी त्याच्या खांद्याइतकी कापली. थोडा बाक होता तो करंजेल लावून निखाऱ्यावर शेकून काढला. एक टोक त्याच्या काखेत, दुसरं वहिनीच्या हातात, आणि तो सांगेल तसं ती दाबत होती. दोर ओवायला पितळी तारेच्या कड्या मी वळल्या, दोऱ्याने बांधल्या आणि वरून लाख ओतली. चकरी बसवली ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून. काम चांगलं झालं होतं. आजही मी ते चांगलं म्हणेन.

फेकण्यात अडचण नव्हती, ती होती गुंडाळण्यात. फेकताना काठी उजव्या हातात. पण दोर ओढून घेताना उजवा हात मुठीवर जाणार, मग काठी धरणार कोण? दादाने उपाय काढला. जाड कॅनव्हासचा एक फास करून घेतला. काठीचं बूड डाव्या काखेत, उरलेला हात फासात, आणि फासाचं टोक दातांनी ओढलं की हात आणि काठी एकजीव. मी म्हटलं, हे मी किंवा वहिनी बांधून देत जाऊ, सैल-घट्ट बघता येईल. तो नको म्हणाला. त्याला ते बांधून द्यायला कुणी नको होतं.

राहिला दोर. मुंबईला काही कामाला गेले होते तेव्हा मी नायलॉनचा दोर आणला. तेव्हा तो नवीनच होता, पुढे सगळे त्याला तंगूस म्हणू लागले. काचेसारखा दिसायचा, केसाहून थोडाच जाड. रिळावर तो मावला आणि वर जागा उरली. दुसरा दोर घरचा, सुताचा, तीन पदरी, वहिनीने मांडीवर पिळलेला आणि सालीत उकळून तांबडा केलेला. तो सुतळीएवढा जाड होता. रीळ त्याने भरून गेलं, आणि तरी सोडून पाहिलं तर दोर अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत जेमतेम गेला.

दादाने दोघांची परीक्षा आमच्या पद्धतीने घेतली. आढ्याला दोर बांधायचा आणि खाली पाटा टांगायचा, मसाला वाटायचा दगडी पाटा. नायलॉनला टांगल्यावर पाटा क्षणभर राहिला आणि धाडकन जमिनीवर आला. त्याचा कोपरा उडाला, पुढे कित्येक वर्षं आमच्या वाटणात खडा लागे. सुती दोराला पाटा संध्याकाळपर्यंत लटकत राहिला. काकांनी त्याला धरून झोका घेतला तरी काही झालं नाही. आळीच्या दृष्टीने निकाल लागला. पण दादाचा निर्णय त्या पाट्याने झाला नाही. पाटा पडल्यावरही त्याने नायलॉनच रिळावर चढवला होता, कारण दोर लांब जायचा.

भातकापणी झालेल्या खाचरात तो सराव करायला जाई. गळाऐवजी नुसतं शिसं बांधून. रस्त्याने जाणारे थांबून बघत.

“काय रं, भातात मासं लागलं का?”

“लागलं तर तुज्याच घरी देतंय. तुजी बायको बरी रांधते.”

असं तो उत्तर देई आणि पुन्हा फेकी. अंगठा फिरत्या रिळावर टेकवून टेकवून सोलला. हळूहळू शिसं बांधाच्या पलीकडे जाऊ लागलं. पण दहातल्या दोन-तीन वेळा अंगठा चुकायचाच आणि रिळावर गुंता व्हायचा. नायलॉनचा गुंता म्हणजे विंचरून निघालेल्या केसांचा पुंजका. तो सोडवायला दोन हात लागतात, नखं लागतात, आणि धीर लागतो. दादाकडे यांतलं एकच होतं, तेही फार नव्हतं. तो चकरी घेऊन घरी येई आणि ओटीवर ठेवी. मग वहिनी किंवा मी बसून सोडवत असू. तो शेजारी बसून बघे. कधी कधी वहिनी खाचरात त्याच्याबरोबरच जाई आणि तिथेच बांधावर बसून गुंता काढी, म्हणजे त्याला परत यायला नको.

एकदा ती अशी बांधावर बसली असताना काका तिथून गेले आणि त्यांनी सहज चेष्टेत म्हटलं, “वा, एक फेकतो नि एक सोडवते. दोघं मिळून एक कोळी झाला.”

दादा त्या दिवशी लवकर घरी आला. नायलॉन त्याने रिळावरून उतरवला, कापून नव्हे, सगळा ओढून काढला, आणि सुती दोर चढवायला घेतला. मी म्हटलं, दोर आखूड पडेल. तो म्हणाला, “पडू दे. याचा गुंता मना एका हातानं सुटतो.” ते खरं होतं. जाड दोराची गाठ दिसायची, दातांत धरून, गुडघ्यावर दाबून तो ती काढू शकत होता. शेवटचं टोक रिळाला बांधताना त्याने जाळ्याच्या पायदोराला मारतात ती गाठ मारली, जी ओढेल तितकी आवळते. मी ती बघितली, वहिनीने बघितली. आमच्या घरात दोर दुसऱ्या कोणत्या गाठीने बांधतच नसत.

त्यानंतर माघापर्यंत बरं चाललं. खारजमिनीच्या बांधाला जिथे उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायचं दार, तिथे ओहोटीला लहान मासे बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात. दादा तिथे उभा राही. बांध उंच, खाली चिखलाचा उतार, मग पाण्याचा खोल चर. एवढ्या जवळ फेकायला आखूड दोर पुरत होता. शिंगाळी मिळे, खरबी मिळे, मध्यम बोय मिळे. वहिनी ते बाजारात नेऊन बसे. एक हात असलेल्या माणसाचे मासे म्हणून गिऱ्हाइकं थोडी बघायलाही येत. गुंता झाला तर तो एकटाच बांधावर बसून सोडवी, कितीही वेळ लागो. आम्ही दोघींनी तिकडे लक्ष द्यायचं नाही हे आम्हाला कळलं होतं.

वहिनीही थोडी बदलली. जेवताना दोघं बोलू लागली. एकदा मी शाळेतून आले तर ती अंगणात चिव्याची काठी घेऊन झटकून बघत होती आणि तो तिला अंगठा कुठे ठेवायचा ते ओरडून सांगत होता. मला पाहून तिने काठी भिंतीला लावली.

शिमग्याला अजून काही दिवस होते तेव्हा मामा आले. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. ओटीवर बसले ते वेगळ्याच तोंडाने. म्हणाले, ऐकलं की तू बाजार करतोस. दादाने एवढंच विचारलं, जेवून जाणार ना. आमच्याकडे मानाच्या माणसाला खाडीतला जिताडा मासा वाढतात. जावयाला सासरा वाढतो. इथे दादाच्या मनात आलं की सासऱ्याला आपण वाढायचा, तोही त्याच्या डोळ्यांदेखत काढून. मोठा जिताडा त्याला अजून चकरीवर लागला नव्हता, पण उघाडीखाली एक आहे हे त्याला ठाऊक होतं. दोनदा त्याने त्याची पाठ पाहिली होती.

वहिनी म्हणाली, घरात सुकट आहे, बोय आहे, उधाणाचं पाणी ओढीचं असतं, आज नको. मामा म्हणाले, बगू दे ना आमाला पन. आम्ही सगळेच निघालो. मला त्या दिवशी सुटी होती.

ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. उघाडीतून पाणी जोराने चरात पडत होतं. मामा बांधावर उकिडवे बसले, मी त्यांच्या मागे उभी. दादा उतारावर खाली गेला, पाण्याच्या कडेपर्यंत. वहिनी त्याच्या थोडी मागे, आमिषाच्या जिवंत बोयांचं मडकं आणि सुरी घेऊन. दादाने गळाला बोय लावला, काठी झटकली, शिसं बरोबर उघाडीच्या तोंडाशी पडलं. मामा म्हणाले, “फेकतो हां.” मग दादाने काठी काखेत घेऊन डावा हात फासात घातला आणि दातांनी टोक ओढून घट्ट केलं.

जिताडा लागला तो लगेच. काठी एकदम वाकली. चकरीच्या मुठीने त्याच्या बोटांवर फटका मारला आणि हात उडाला. रीळ उलटं फिरू लागलं. अंगठ्याने थोपवायला जावं एवढाही दोर त्यावर नव्हता. दोन श्वासांत रीळ रिकामं झालं. मग जे व्हायचं ते झालं. गाठ सुटली नाही, दोर तुटला नाही, काठी तुटली नाही. जिताडा ओढीच्या पाण्याबरोबर चराच्या खाली चालला होता आणि ओलसर गुळगुळीत चिखलावर दादा उभाच्या उभा घसरत पाण्याकडे गेला. तो बसला, टाचा रोवल्या, तरी घसरतच राहिला. उजव्या हाताने तो फासाचं टोक धरायला बघत होता, पण ताणाने ते काखेच्या मागे गेलं होतं. दातही पोचेनात. मग तो कमरेपर्यंत पाण्यात होता, मग छातीपर्यंत, आणि मग त्याचं डोकं खाली गेलं.

मामा उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. मी उतारावर धावले ती गुडघ्यापर्यंत रुतले. वहिनी कशी धावली मला कळलं नाही. तिने मडकं टाकलं, चिखलावर पालथी पडून घसरत गेली आणि पाण्यात शिरली. तिने त्याची बंडी धरलेली मी पाहिली. मग तीही खाली गेली. मग दोघं वर आली, थोडी खालच्या अंगाला, आणि दादाचा डावा हात मोकळा होता. तिने फास कापला होता. कापताना त्याच्या हातालाही सुरी लागली होती.

काठी, चकरी आणि दोर, सगळं जिताड्याबरोबर गेलं. पाण्यावर काठीचं बूड एकदा दिसलं, मग नाही.

आम्ही तिघांनी त्याला बांधावर आणलं. तो ओकला, खोकला, मग बसला. वहिनीच्या अंगभर चिखल होता, फक्त डोळे दिसत होते. मामा जवळ आले.

“जिवंत हाय, ह्येच पुष्कळ. पोरगी ऱ्हाईल तुज्याकडं. मी काय पंच बसवत नाय.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दादाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो वहिनीकडे बघत होता.

“दोर कापायचास ना.”

तिने पदराने तोंडावरचा चिखल पुसला.

“समोर दोर हुता. दोर कापला असता तर चकरी ऱ्हायली असती.”

मी त्याला गप्प बस म्हटलं. मामा म्हणाले, पोरा, जीव वाचला, चकरी दुसरी मिळेल. दुसरी मिळणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही घरी आलो. वहिनीने आंघोळ केली, भात टाकला, बोयांचं कालवण केलं आणि मामांना वाढलं. मामा जेवले. हात धुऊन ते ओटीवर आले तेव्हा दादा तिथेच बसला होता. तो म्हणाला, “मामा, पंच बसवा.”

त्यांना वाटलं हा शुद्धीवर नाही. त्यांनी समजावलं, मी समजावलं, काका आले त्यांनीही समजावलं. दादा भांडला नाही. जो येईल त्याला तो तेच म्हणे. शेवटी वहिनीच बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, “बाबा, तो नाय ठेवत तर मी काय खांबाला बांदून घेऊ?” तिच्या बोलण्यात त्याच्याबद्दल ‘तो’ मी पहिल्यांदा ऐकला.

शिमग्यानंतर पंच बसले. गवताची काडी मोडायला दोन हात लागतात. दादाने एक टोक धरलं, दुसरं तिने. काडी सुकलेली होती, लगेच मोडली. ती त्याच दिवशी मामांबरोबर गेली. जाताना मी तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालले. ती थांबली आणि एवढंच बोलली.

“बाय, दोर पान्याखाली हुता. मना दिसत नव्हता. हाताला फासच लागला.”

मी म्हटलं, मला माहीत आहे.

“त्यांना सांगा.”

घरी आल्यावर मी सांगितलं. दादा अंधारात नव्हे, भर दुपारी ओटीवर बसला होता, हाताच्या जखमेवर हळद लावत. सुरीचा घाव अजून पुरता भरला नव्हता. त्याने माझं ऐकून घेतलं.

“मना म्हाईत हाय,” तो म्हणाला.

“मग?”

“आज तिनं सोडवला. उद्या पन तीच सोडवनार. परवा पन. मी काय बाजारात तिच्याबरोबर बसून गिऱ्हाइकांस्नी सांगू, ह्या बायनं मना चिखलातनं काढला म्हनून?”

मी त्याला मूर्ख म्हटलं. तो नाही म्हणाला नाही. वर्षाच्या आत वहिनीचं पेणकडे दुसरं लग्न झालं, मुलं झाली, असं कानावर आलं. मामांनी आम्हाला बोलावणं केलं होतं, मी गेले नाही. दादाला मिठागरावर राखणीचं काम मिळालं. तिथे हाताचं काही नव्हतं, फक्त जागं राहायचं. तो माझ्याच घरी राहिला, मीच त्याला वाढलं, आणि जेवताना पानातल्या माशाचे काटे काढून देऊ का, असं मी त्याला कधी विचारलं नाही. तो ते एका हाताने काढत असे, फार वेळ लागे, भात निवून जाई.